इम्युलेटर रखडतोय? टाइमआउट वाढवण्याआधी या चुका टाळा

इम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नकली फोनवर, रात्री लावलेल्या टेस्ट सकाळी लाल दिसल्या की पहिला हात टाइमआउटकडे जातो. ६० सेकंदांचे १८० होतात, दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. तीच टेस्ट कधी पास, कधी फेल होत असेल तर कोड उकरण्याआधी ॲण्ड्रॉइड इम्युलेटर ‘ॲक्सेल-चेक’ पर्याय देऊन चालवा. लिनक्सवर ‘केव्हीएम इन्स्टॉल्ड अँड युजेबल’ असं उत्तर आलं पाहिजे (केव्हीएम म्हणजे प्रोसेसरच्या मदतीनं इम्युलेटर वेगात चालवणारी लिनक्सची सोय). त्यातला ‘युजेबल’ महत्त्वाचा.

एरर जावी म्हणून ॲक्सेलरेशनच (प्रोसेसरची ही मदत) बंद करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एरर जाते, पण पाहुण्या सिस्टीमची (इम्युलेटरमधल्या ॲण्ड्रॉइडची) प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमधून बदलून चालवावी लागते. बूटच इतका लांबतो की टेस्ट सुरू होण्याआधी वेळ संपतो.

काल चालत होतं आणि आज नाही? कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या गाळ्यात जुना डेस्कटॉपच टेस्ट सर्व्हर असतो. पावसात लाईट जाऊन आली, मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला, की बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर जातं आणि व्हर्च्युअलायझेशन (केव्हीएमला लागणारी प्रोसेसरची सोय) बंद पडू शकतं. खूण सोपी: बायोसमधलं घड्याळ मागे गेलेलं दिसतं. आधी सेल बदला (बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२, ३ व्होल्टचा), मगच सेटिंग चालू करा. नाहीतर पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. इंटेलवर ‘व्हीटी-एक्स’ शोधा, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’. हा दुसरा बऱ्याच बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडवलेला असतो, का ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.

बायोस ठीक असेल तर परवानगी बघा. युजरला ‘केव्हीएम’ ग्रुपमध्ये घातलं तरी आधीच चालू असलेल्या प्रोसेसला ते कळत नाही. तुम्ही लॉगआउट करून परत येता, हातानं चालवता, सगळं झकास. पण सीआय रनर (टेस्ट आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस म्हणून जुन्याच परवानगीवर चालू असतो आणि बहुधा वेगळ्या युजरखाली. त्या युजरला ग्रुपमध्ये घाला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. केव्हीएमच्या डिव्हाइस फाइलला सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊ नका: ती फाइल प्रत्येक बूटला नव्यानं तयार होते, बदल टिकत नाही. कायमचं हवं तर यूडेव्हचा (डिव्हाइस फाइलच्या परवानग्या ठरवणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम लिहा.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) केव्हीएमचं डिव्हाइस कंटेनरला वेगळं द्यावं लागतं. त्यासाठी सगळे अधिकार देणाऱ्या ‘प्रिव्हिलेज्ड’ मोडची गरज नाही. व्हीएमच्या (व्हर्च्युअल मशीनच्या) आत इम्युलेटर असेल तर बाहेरच्या होस्टवर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हीएमच्या आत व्हीएम) चालू हवं आणि व्हीएमचा सीपीयू ‘होस्ट-पासथ्रू’ (बाहेरचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारा) हवा. आतून कितीही डोकं आपटलं तरी हे बाहेरूनच सुटतं.

विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्सच्या (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हीएम यंत्रणा) आधीच सीपीयू धरून बसलाय. फीचर्समधून तो काढला तरी ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षा सेटिंग चालू असेल तर कासव हलत नाही. ॲण्ड्रॉइड इम्युलेटरसाठी मात्र हायपर-व्ही काढायची गरज नाही. ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’ चालू करा. हॅक्झम (इम्युलेटरसाठीचं इंटेलचं जुनं ॲक्सेलरेशन) विसरा, इंटेलनं ते २०२३ मध्ये बंद केलं.

आणि इंटेल-एएमडी मशीनवर इमेज (इम्युलेटरमध्ये चालणारी ॲण्ड्रॉइडची प्रत) एक्स८६-६४ चीच, म्हणजे त्याच प्रोसेसर-प्रकारची घ्या. आर्मची घेतली तर केव्हीएम ठणठणीत असूनही उपयोग शून्य.