ग्राफिक्स कार्ड नाही? आधी रॅमचा दुसरा स्लॉट बघा

नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डिप्लोमाची, इंजिनीअरिंगची मुलं लॅपटॉप घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, यात ग्राफिक्स कार्ड बसेल का?" साध्या लॅपटॉपमध्ये आतून कार्ड बसवायची सोयच नसते. पण गेम खेळायला आहे त्याच मशिनमधून अजून बरंच काही काढता येतं. तेवढं कोणी सांगत नाही, म्हणून पोरं गेम बूस्टर नावाची सॉफ्टवेअरं टाकत बसतात. ती आधी काढून टाका. मागे अजून एक प्रोग्राम चालू राहतो, हाती काही लागत नाही.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरच्याच चिपमध्ये असलेल्या ग्राफिक्सला ती नसते, ते तुमच्या रॅमवरच चालतं आणि त्याच रॅमवर प्रोसेसरचंही काम चालू असतं. त्यामुळे रॅम किती जीबी आहे याच्याइतकंच तिच्यातून डेटा किती वेगाने येतो हे महत्त्वाचं. डीडीआर४ ३२०० ची (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) एकच स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा येतो. दोन स्टिक असतील तर ५१.२, यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. अनेक स्वस्त लॅपटॉप ८ जीबीची एकच स्टिक घालून विकले जातात आणि दुसरा स्लॉट रिकामा राहतो. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा.

स्लॉट रिकामा आहे का हे बघायला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. इंटेलच्या अकराव्या पिढीचा आय५ ११३५जी७ ज्यांच्याकडे आहे त्यांना अजून एक खूण सापडेल: एकच स्टिक असली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव नुसतं यूएचडी येतं, दुसरी बसवली की तिथेच आयरिस एक्सई दिसायला लागतं. डीडीआर५ वाल्यांनी मात्र जपून. तिथे एकच स्टिक आतून दोन भागांत विभागलेली असते, त्यामुळे काही सॉफ्टवेअर एका स्टिकलाही ड्युअल दाखवतात. वेग मात्र निम्माच असतो.

नवी स्टिक त्याच पिढीची आणि शक्यतो त्याच वेगाची, तेवढ्याच जीबीची घ्या. दोन वेगांच्या स्टिक मिसळल्या की दोन्ही कमी वेगाने चालतात. बसवताना चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीचं कनेक्टर सोडवा. स्टिकची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवून ती तिरकी आत सरकवा. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली की वरून हलकेच खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. एकच बसली तर जोर लावू नका, काढून पुन्हा घाला. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

डेस्कटॉपवर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लागतात. बोर्डाच्या पुस्तिकेत पाहून खात्री करा. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडायचा सेटिंगचा मेनू) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, एएमडीच्या बोर्डवर याला डीओसीपी किंवा एक्सपो असं नाव असतं. ते बंद राहिलं तर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. रायझनमध्ये ग्राफिक्ससाठी राखून ठेवायची मेमरीही बायोसमधूनच ठरवता येते. एकूण १६ जीबी असेल तर २ जीबी द्या. याने एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, फारसे वाढत नाहीत, पण मेमरी कमी म्हणून जे गेम सुरूच होत नाहीत ते सुरू होतात.

आता उष्णता. एप्रिल-मे मध्ये दुपारी नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि सकाळी छान चालणारा गेम दुपारी अडखळतो तो यामुळेच. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या भागाकडून येणाऱ्या लॅपटॉपच्या पंख्यांत मला बारीक धुळीचा थर हमखास सापडतो. पंखा साफ करून घ्या, लॅपटॉप जुना असेल तर थर्मल पेस्टही (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला. गोधडीवर ठेवून खेळू नका, खालून हवा आत घेणारी जाळी बंद होते. चार्जर लावूनच खेळा.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात आणि वीजही वाटून घेतात. प्रोसेसरने जास्त ओढली की ग्राफिक्सला कमी उरते. म्हणून एफपीएसला मर्यादा घाला. ३५ ते ५५ मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा ४० वर स्थिर चाललेला गेम हाताला कितीतरी बरा वाटतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. ज्या गेममध्ये ग्राफिक्सच कमी पडतं तिथे याने फायदा होऊ शकतो. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर जोर देणाऱ्या गेममध्ये उलट तोटा होईल, तेव्हा दोन्ही करून मोजा.

सेटिंगमध्ये सगळ्यात आधी रिझोल्यूशन. १०८० मध्ये पडद्यावर साधारण २०.७ लाख ठिपके, ९०० मध्ये १४.४ लाख, ७२० मध्ये ९.२ लाख. गेममध्ये एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) असेल तर रिझोल्यूशन तसंच ठेवून एफएसआर क्वालिटीवर लावा, अक्षरं आणि नकाशा स्पष्ट राहतात. शॅडो लो, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) आणि रिफ्लेक्शन बंद. टेक्श्चर मीडियम ठेवायला हरकत नाही, १६ जीबी रॅममध्ये ते मावतं. जीटीए ५ मध्ये गवताची क्वालिटी नॉर्मलवर आणा, शहराबाहेर गाडी नेली की फरक लगेच कळतो. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती असेल तर सोडियम हा गेम हलका चालवणारा मॉड टाका आणि रेंडर डिस्टन्स, म्हणजे किती लांबपर्यंतचं दिसेल ते, ८ ठेवा. विंडोजच्या गेम बारमधलं मागे चालणारं रेकॉर्डिंग बंद करा. ड्रायव्हर इंटेल किंवा एएमडीच्याच साइटवरून घ्या.

नवा लॅपटॉप घ्यायला निघाला असाल तर दुकानात एवढं विचारा: रॅम बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली आहे की स्लॉट आहे? काही मॉडेलमध्ये ८ जीबी बोर्डवर आणि शेजारी एक स्लॉट असतो, तेही चालतं. पण सगळीच सोल्डर असेल तर नंतर काहीच वाढवता येणार नाही, तेव्हा १६ जीबीचंच मॉडेल घ्या.