एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ: संग्रहातील डिस्क पूर्ण क्षमतेने कशा ऐकाव्यात

एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी), डीव्हीडी-ऑडिओ किंवा ब्लू-रे ऑडिओ अशा उच्च दर्जाचा ध्वनी साठवणाऱ्या डिस्क हौसेने जमवल्यानंतर साध्या सीडीपेक्षा फारसा फरक जाणवत नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. अशा वेळी नवे स्पीकर किंवा महागडी केबल घेण्याआधी डिस्कवरील मूळ दर्जाचा ध्वनी अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचतो तरी का, हे तपासावे. पुष्कळदा तो वाटेतच अडलेला असतो.

सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणलेल्या एसएसीडीच्या बऱ्याच डिस्क हायब्रिड असतात. त्यांच्या एका थरावर नेहमीचा, १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झचा सीडी-ध्वनी असतो, तर दुसऱ्यावर सेकंदाला २८ लाखांहून अधिक एक-बिटी नमुने घेणारा डीएसडी (डायरेक्ट स्ट्रीम डिजिटल) ध्वनी असतो. प्लेअरला एसएसीडी वाचता येत नसेल, तर तो कोणतीही सूचना न देता सीडीचा थर वाजवतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एसएसीडी वाचणाऱ्या प्लेअरमध्येही मल्टिचॅनेल, स्टिरिओ आणि सीडी यांपैकी कशाला प्राधान्य द्यायचे, याची सेटिंग बहुधा मेनूत असते; ती एकदा उघडून पाहावी. डीव्हीडी-ऑडिओचीही हीच गत आहे. तिच्यावर बहुधा डॉल्बी किंवा डीटीएसमधील संक्षेपित ध्वनीही दिलेला असतो आणि साधा डीव्हीडी प्लेअर तेवढाच वाजवतो.

यानंतर जोडणी पाहावी. ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल केबलमधून एसएसीडीचा डीएसडी ध्वनी बाहेर पडत नाही, त्यामुळे केवळ या केबलवर विसंबून असलेल्यांना हायब्रिड डिस्कचा फार तर सीडी-थर ऐकू येतो. एचडीएमआयमध्ये डीव्हीडी-ऑडिओची सोय १.१ या आवृत्तीपासून, तर डीएसडीची सोय २००५ च्या १.२ या आवृत्तीपासून झाली. त्याआधीच्या प्लेअरसाठी सहा स्वतंत्र अ‍ॅनालॉग केबल जोडणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. जोडणी झाली की रिसीव्हरच्या (अ‍ॅम्प्लिफायर आणि ध्वनी-प्रक्रिया एकत्र असलेल्या यंत्राच्या) पडद्याकडे पाहावे. तिथे ‘डीएसडी’ किंवा ८८.२ अथवा १७६.४ किलोहर्ट्झ पीसीएम (सीडीसारखा अनेक-बिटी नमुन्यांचा ध्वनी) असे दिसले, तर काम झाले. दोन चॅनेल आणि ४४.१ किलोहर्ट्झ दिसले, तर सीडीचाच थर वाजत आहे असे समजावे.

ब्लू-रे प्लेअरमध्ये ‘सेकंडरी ऑडिओ’ नावाची एक निरुपद्रवी वाटणारी सेटिंग असते. ती चालू असेल तर मेनूचे आवाज आणि जोडनिवेदन (चित्रासोबतचे भाष्य) मुख्य ध्वनीत मिसळता यावे म्हणून प्लेअर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या मूळ दर्जाच्या ध्वनीऐवजी कमी दर्जाचा संक्षेपित प्रवाह पाठवू शकतो. संगीत ऐकण्यासाठी ती बंदच ठेवावी.

आता जरा वादाचा मुद्दा. रिसीव्हरमध्ये स्पीकरची अंतरे, बास व्यवस्थापन (लहान स्पीकरचे खर्जाचे स्वर सबवूफरकडे वळवणे) आणि खोलीची ध्वनिदुरुस्ती चालू असेल, तर डीएसडी ध्वनी बहुतेक रिसीव्हर आधी पीसीएममध्ये रूपांतरित करतात. ‘डायरेक्ट’ पद्धतीत तो बहुधा तसाच पुढे जातो, पण मग या दुरुस्त्यांवर पाणी सोडावे लागते. शुद्धतेचा आग्रह धरणारे डायरेक्टच निवडतात. माझ्या मते, स्पीकर लहान असून सबवूफरवर भिस्त असेल आणि खोलीत खर्जाचे स्वर घुमत असतील, तर रूपांतर पत्करून दुरुस्ती चालू ठेवणेच शहाणपणाचे ठरते, कारण खोलीचा दोष रूपांतरापेक्षा कितीतरी ठळक ऐकू येतो. अ‍ॅनालॉग जोडणीत मात्र रिसीव्हर बहुधा यातले काहीच करत नाही, म्हणून अंतरे व बास यांची मांडणी प्लेअरच्या मेनूतच करावी लागते. शिवाय सबवूफरचा स्वतंत्र चॅनेल १० डेसिबल हळू येत नाही ना, हेही पाहावे. तसे असल्यास रिसीव्हरमध्ये त्याची पातळी वाढवण्याची सोय आहे का, ते शोधावे.

मल्टिचॅनेल डिस्कसाठी पुढचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे दोन साधारण ११० अंशांवर, श्रोत्यापासून शक्यतो समान अंतरावर ठेवावेत. ध्वनीला ३४ सेंटिमीटर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो, म्हणून अंतर असमान असेल तर ते टेपने मोजून मेनूत भरावे.

सीडीचा थर आणि एसएसीडीचा थर यांची तुलना करायची असेल, तर आधी दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर आणावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. दोन्ही थरांचे मास्टरिंग (डिस्कसाठी ध्वनीची अंतिम तयारी) वेगळे असण्याची शक्यताही असते. तेव्हा ऐकू येणाऱ्या प्रत्येक फरकाचे श्रेय डीएसडीला देऊ नये.

डिस्क पुसताना मऊ कोरडे कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोलाकार फिरवू नये. ट्रॅकच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा दुरुस्त करणे प्लेअरला आडव्या ओरखड्यापेक्षा जड जाते. हायब्रिड डिस्कचा सीडी-थर लेबलच्या अगदी खाली असल्याने त्या बाजूवर टोकदार पेनने काहीही लिहू नये.