अभ्यासिकेत वायफाय लावण्याआधी

अमळनेर-चोपड्याकडे अभ्यासिकेत वायफाय बसवायचं असेल, तर राउटर विकत घेण्याआधी एक संध्याकाळ तिथे बसून काढा. खुर्च्या मोजू नका, मोबाइल आणि लॅपटॉप मोजा. धाब्याचं जुनं घर असेल तर मातीच्या जाड भिंतीपलीकडच्या कोपऱ्यात फोन नेऊन लिंक स्पीड, म्हणजे फोन आणि राउटर यांच्यातला वेग, लिहून घ्या. कुरबुरीचं मूळ बहुतेकदा त्याच कोपऱ्यात असतं.

एका चॅनलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका पट्ट्यावर, एका वेळी एकानंच बोलायचं, हा वायफायचा नियम. तो सगळ्यांना सारखी पाळी देतो, सारखा वेळ देत नाही. राउटरजवळचा मुलगा ५४ एमबीपीएसवर आणि कोपऱ्यातली मुलगी ६ वर असेल, तर तेवढाच मजकूर न्यायला तिला ९ पट वेळ लागतो. दोघं एकदम डाउनलोडला बसले की वायफायचा स्वतःचा वरखर्च हिशोबात न धरताही दोघांनाही जेमतेम ५.४ मिळतात. वेळ सारखा वाटला, तर त्याला २७ आणि तिला ३. पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाणी कुणी स्वतःहून वळवून घेत नाही, पाटकरी पाळीनं सोडतो. राउटरमधला तो पाटकरी म्हणजे वेळ सारखा वाटणारी ‘एअरटाइम फेअरनेस’ ही सोय, म्हणून घेताना ती आहे का ते विचाराच. पण ३ वर त्या मुलीची बोळवण करणं मला पटत नाही. त्या बाजूला केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा आणखी एक डबा, लावा, खर्च झाला तरी चालेल.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकी शेजारच्या दुकानांनी कमी वापरलेला चॅनल घ्या. जवळच्यांना ५ गिगाहर्ट्झवर ढकला.

मग बाहेरून येणारी लाइन. एकानं मोठी फाइल लावली की राउटरच्या रांगेत डेटाची पाकिटं तुंबतात आणि दुसऱ्याची ऑनलाइन टेस्ट अडकते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त प्रणाली चालणारा राउटर असेल तर त्यातली ही रांग सांभाळणारी ‘केक’ सोय सुरू करा, तिची वेगमर्यादा संध्याकाळी मोजलेल्या वेगाहून थोडी खाली ठेवा. वाटणी जोडणीगणिक नको, उपकरणागणिक हवी. नाहीतर एकदम वीस जोडण्या उघडणारा सगळं ओढून नेतो. दोन उपकरणं आणणाऱ्याला दोन वाटे मिळतात, त्याचा नियम आधीच ठरवून दारावर लावा.

फायबरचा डबा आणि राउटर, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. शेवटी एका लॅपटॉपवर मोठं डाउनलोड लावा आणि त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून स्वतः एक सराव परीक्षा द्या.