हॉटेलचा टेलिफोन बोर्ड कसा सांभाळावा

बोर्डावर बसलात की पहिला कॉल घेण्याआधी आधीच्या पाळीच्या ऑपरेटरकडून रजिस्टर समजून घ्या. कुणाला वेक-अप कॉल हवाय, कोणत्या खोलीने फोन देऊ नका म्हणून सांगितलंय, कुठे आजारी माणूस आहे. मग हेडसेट तपासा आणि बोर्ड नाइट मोडवरून काढा. हे विसरलं तर बाहेरचे कॉल रिसेप्शनवरच वाजत राहतात.

कॉल आला की दिवा लुकलुकतो. तिसऱ्या रिंगच्या आत उचला, नमस्कार करून हॉटेलचं नाव सांगा. फोन कुणाला हवाय आणि कोण बोलतंय, दोन्ही विचारा. होल्ड दाबून खोलीचा नंबर लावा. पाहुण्याने उचलला की आधी त्यांना विचारा, "सर, देशपांडे म्हणून कुणाचा फोन आहे, देऊ का?" होकार आला तरच ट्रान्सफर दाबा. नको म्हणाले तर होल्डवरच्या माणसाकडे परत या आणि निरोप लिहून घ्या. न विचारता थेट जोडणं किचन किंवा हाउसकीपिंगसाठी ठीक आहे, खोलीसाठी नाही.

इथे सगळ्यात जास्त जपायचं. बाहेरून कुणी नुसतं "305 द्या" म्हणालं तर पाहुण्याचं नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर जोडू नका. उलट कुणी नाव सांगून खोलीचा नंबर मागितला, तर तो कधीच सांगू नका. समोरचा नवरा, भाऊ, ऑफिसातला साहेब, कुणीही म्हणवून घेवो. पोलीस म्हणून सांगणाऱ्याचा कॉल ड्यूटी मॅनेजरकडे द्या. खोलीत एकटी उतरलेली बाई तुमच्या या एका सवयीवर विसंबून झोपलेली असते.

जोडलेला कॉल कुणी उचलला नाही तर काही वेळाने बोर्डावर परत येतो. त्याला रिकॉल म्हणतात. तो नव्या कॉलच्या आधी घ्या, कारण तो माणूस केव्हाचा थांबलाय.

पाहुण्यांना बाहेर फोन लावता येत नाही, ही रोजची तक्रार. बाहेरची लाइन घ्यायला 0 असेल, तर मोबाइलसाठी आणखी एक 0 लागतो. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला 0 लावूनच फोन लागतो.

112, म्हणजे आणीबाणीचा नंबर, मात्र आधी काही न दाबता थेट लागला पाहिजे. डिसेंबर 2013 मध्ये टेक्ससमधल्या एका मॉटेलच्या खोलीत कॅरी हंट यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा 911, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, लावला, पण आधी 9 दाबायचा असतो हे तिला माहीत नव्हतं. आई वाचली नाही. पुढे अमेरिकेत 2018 मध्ये त्यांच्याच नावाचा कायदा झाला. तुमच्या बोर्डावर 112 कसा लागतो, हे इंजिनिअरला बोलावून एकदा बघून घ्याच.

वेक-अप कॉल लिहिताना "साडेपाच" एवढंच लिहू नका. 05:30 लिहा, तारीख घाला, खोलीचा नंबर आणि वेळ पाहुण्याला परत वाचून दाखवा. मशीनवर लावला असला तरी उचलला गेला का ते बघा. उचलला नाही तर पाच मिनिटांनी स्वतः लावा. तरीही उत्तर नाही, तर बेलबॉयला दारावर पाठवा आणि पाहुणे उठले असं तो येऊन सांगेपर्यंत रजिस्टरमध्ये खूण करू नका.