मॅडनमधला बचाव: लांबच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांसाठी

नांदेड, बीड, परभणीत बसून मॅडन एनएफएल हा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम ऑनलाइन खेळणाऱ्याने एक हिशेब आधी मांडावा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल दोरी ताणल्यासारखी सरळ असती तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद गेलेच. खरी केबल वळणं घेत जाते, म्हणून अमेरिकेतल्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे हा जाण्या-येण्याचा वेळ, सहज २०० मिलिसेकंदांच्या वर दिसतो. खेळ सेकंदाला ६० फ्रेमचा असेल तर २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. चेंडू सुटलेला पाहून तुम्ही बटण दाबता, तोवर तो अर्ध्या वाटेवर असतो.

आक्रमणात हे खपून जातं, कारण स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणं, कधी घ्यायचा ते तुम्ही ठरवता. बचावात खपत नाही. म्हणून खाली जे सांगितलं आहे त्यात बोटांच्या चपळाईवर भर कमी आहे. माणूस आधीच योग्य जागी उभा असेल तर १२ फ्रेमचा उशीर पचतो.

घरातली दोन कामं उरकून घ्या. वायफाय सोडून लॅन केबल लावा आणि टीव्ही गेम मोडवर ठेवा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या झटक्यातही राउटर बंद पडू शकतो आणि सामना हातचा जातो. राउटरला वेगळा मिनी यूपीएस लावा. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, पण लेबल वाचल्याशिवाय जोडू नका.

कोणता खेळाडू हातात घ्यायचा

नवीन माणूस हटकून पुढच्या फळीतला कडेचा डिफेन्सिव्ह एंड घेतो आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, मागे सुटतो. पहिल्या आठ-दहा सामन्यांपुरतं ठीक आहे. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं, शिकायला मिळतो आणि मागची फळी मोडत नाही. पण पुढची फळी कॉम्प्युटर बऱ्यापैकी सांभाळतो. त्याची पंचाईत होते ती मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, १० ते १५ यार्डांवर. तिथे माणूस हवा, म्हणून पुढच्या फळीमागे मधोमध उभा राहणारा मिडल लाइनबॅकर घ्या.

त्याला घेऊन काय करायचं? स्नॅप झाल्याबरोबर आर-टू दाबून पळायचं नाही (इथली बटणं प्लेस्टेशनची आहेत). एल-टू धरून क्वार्टरबॅककडे तोंड ठेवत दोन-तीन पावलं मागे सरका. कबड्डीतला चांगला कॉर्नर रेडरचा पाय आत येईपर्यंत जागचा हलत नाही. आधीच झेपावला तर गुण देऊन बसतो. इथेही तेच. धावेचा खेळ निघाला तर दोन पावलं पुढे यायला वेळ मिळतो, पण पास निघाला आणि तुम्ही पुढे घुसला असाल तर मागची जागा भरून निघत नाही.

सगळ्यात महागडी चूक खेळाडू बदलताना होते. चेंडू हवेत गेला की घाईने खेळाडू बदलायचं सर्कल दाबलं जातं. त्या वेळी डावी स्टिक ज्या दिशेला कललेली असेल, त्याच दिशेला नवा खेळाडू धावू लागतो. कडेचा राखणदार कॉर्नरबॅक पास झेलणाऱ्या रिसीव्हरला बरोबर चिकटलेला होता आणि तुमच्या अंगठ्याने त्याला दोन यार्ड बाजूला ओढलं, असं होतं. आधी स्टिक सोडा, मग सर्कल दाबा, खेळाडू कुठे पळतोय ते पाहा आणि मगच स्टिक हलवा. पिंग जास्त असेल तर बदलूच नका. कॉम्प्युटरला त्याचं काम करू द्या.

झोन म्हणजे माळ्यावरची राखण

मॅन कव्हरेजमध्ये प्रत्येक जण एकाच्या पाठीला लागतो. झोनमध्ये प्रत्येक जण आपापली जागा राखतो, म्हणजे जोंधळ्याची राखण. राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण चालवतो. एका कोपऱ्यात पाखरं उतरली म्हणून खाली उतरून धावत सुटला तर दुसरा कोपरा मोकळा. तुमचा लाइनबॅकर झोनमध्ये असेल तर हे लक्षात ठेवा.

पडद्यावर गडद निळा झोन खोलवरचा, पिवळा मधला हुक, जांभळा कडेचा कर्ल फ्लॅट आणि फिका निळा फ्लॅट, म्हणजे कडेची जवळची जागा. कव्हर थ्रीमध्ये खोलवर तिघं असतात. मैदानाची रुंदी ५३ आणि एक तृतीयांश यार्ड, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १८ यार्ड. समोरच्याने फोर व्हर्टिकल्स काढून चौघांना सरळ पळवलं की गणित तिथेच बिघडतं. कव्हर टूमध्ये खोलवर दोघंच. त्यांच्या मधली जागा आणि कडेला कॉर्नरच्या मागची, अशा दोन फटी राहतात. कव्हर फोर खोलवर भक्कम, पण जवळचे छोटे पास देऊन टाकतो.

आता एक खेळ जवळून पाहू. तिसरा डाऊन, म्हणजे १० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा, आणि अजून ७ यार्ड गाठायचे आहेत. समोरच्याने उजवीकडे तीन रिसीव्हर लावलेत, चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारी. तुम्ही निकेल घ्या, म्हणजे मागच्या फळीत पाच जण येतात, आणि कव्हर थ्री लावा. कोचिंग ॲडजस्टमेंटमध्ये जाऊन कर्ल फ्लॅटचा झोन ड्रॉप, म्हणजे किती मागे उभं राहायचं ते, १० यार्डांवर ठेवा. स्नॅपनंतर नजर चेंडूवर नको. तिघांपैकी सर्वांत आतल्या रिसीव्हरवर ठेवा. तो ८-१० यार्ड ओलांडून सरळ निघाला तर तुम्हीही त्याच्या आतल्या बाजूने मागे पळा. खोलवरच्या तिघांना जो चौथा जड जातो, तो हाच. तो आडवा कापून आत आला तर पाठलाग करू नका, त्याच्या वाटेत उभे राहा. आणि रनिंग बॅक कडेला सुटून ३ यार्डांवर चेंडू घेत असेल तर घेऊ द्या. तिथे टॅकल झाला की चौथा डाऊन येतो आणि ४ यार्ड बाकीच राहतात. हा छोटा पास बघून पुढे धावणारा लाइनबॅकर मागे २० यार्डांचं दार उघडून जातो.

ब्लिट्झचा मोह

ब्लिट्झ म्हणजे नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त जणांना क्वार्टरबॅकवर सोडणं. आक्रमणाकडे पास घेऊ शकणारे पाच जण. चौघांना पुढे सोडलं तर मागे सात राहतात, पाचांना सोडलं तर सहा, सहांना सोडलं तर पाचच. म्हणजे एकास एक, मागे राखायला कुणी नाही. हा कव्हर झिरो. पास साधारण अडीच-तीन सेकंदांत सुटतो. तेवढ्यात ब्लिट्झ पोचला नाही तर गुणफलकाकडे बघायचीही गरज नाही. एका सामन्यात चार-पाचदा, तेही समोरचा सारखा लांब पास शोधत असेल तेव्हा. दरवेळी त्याच बाजूने ब्लिट्झ येतोय हे दुसऱ्या वेळेलाच ओळखलं जातं.

टॅकल

उजवी स्टिक वर ढकलली की हिट स्टिक. बसली तर चेंडू सुटू शकतो, हुकली तर तुमचा माणूस जमिनीवर आणि धावणारा मोकळा. मागे अजून दोघं असतील तरच वापरा. तुम्हीच शेवटचे असाल तर आर-टू सोडा, वेग कमी करा, एक्सने साधा टॅकल करा. धावणाऱ्याच्या पाठीमागे न लागता तो जिथे पोचणार आहे तिथला कोन धरा आणि स्वतः मैदानाच्या आतल्या बाजूला राहा. मग त्याला सीमारेषेकडेच जावं लागतं आणि रेषा तुमचं काम करते. हवेतल्या चेंडूसाठी ट्रायँगल पकडायला, स्क्वेअर थोपटून पाडायला. उशिराच्या जोडणीवर स्क्वेअरच बरा. मॅडनच्या आवृत्तीप्रमाणे बटणं थोडी बदलतात, म्हणून कंट्रोल्सचं पान एकदा उघडून पाहा.

सरावाला २० मिनिटं पुरतात. प्रॅक्टिस मोडमध्ये समोर फोर व्हर्टिकल्स, तुमच्याकडे कव्हर थ्री, फक्त लाइनबॅकर हातात, दहा वेळा. मग आक्रमणाला इनसाइड झोन ही धाव देऊन दहा वेळा. नंतर दोन्ही खेळ न सांगता मिसळायला मित्राला बसवा, कारण पुढे काय येणार हे माहीत असताना थांबणं कुणालाही जमतं. ऑफलाइन सरावात टॅकलचं बटण जिथे दाबता, तिथून ऑनलाइनला किंचित आधी दाबावं लागेल. पीएस फोरवर शेअर बटणाने शेवटची १५ मिनिटं जतन होतात. हरलेल्या सामन्याचा तुकडा काढा आणि प्रत्येक टचडाऊनच्या वेळी क्लिप थांबवून बघा, चेंडू सुटला त्या क्षणी तुमचा लाइनबॅकर कुठे होता.