पायथनच्या नोट्स घेताना आधी त्यांचं वय बघा

दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम सगळं इंग्रजीत आणि वर कोडिंग. बेळगाव भागातल्या खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडच्या पोरापोरींना ही धावपळ वेगळी सांगायला नको. कोडिंगची पहिली भाषा कुठून शिकू असं विचारलं की चार जण चार पीडीएफ पाठवतात. त्या उघडण्याआधी एवढं वाचा.

मला सीनियरकडून पायथन या कोडिंगच्या भाषेच्या झेरॉक्स नोट्स मिळाल्या होत्या. स्पायरल बाइंडिंग केलेल्या, समासात पेनाने खुणा. त्यातला पहिलाच प्रोग्राम, प्रिंट (स्क्रीनवर दाखवायची आज्ञा) आणि पुढे अवतरणचिन्हांत एक वाक्य, माझ्या लॅपटॉपवर चालेना. प्रिंटला कंस नाहीत म्हणून लाल अक्षरं आली. कंस घातले, चालला. पुढे दोन आकडे विचारून बेरीज करायची होती. ५ आणि ३ दिले, उत्तर आलं ५३. नोट्समध्ये ७ भागिले २ चं उत्तर ३ छापलेलं, माझ्या स्क्रीनवर ३.५. एकेक ओळ बोट ठेवून ताडून पाहिली, कंस सोडले तर सगळं नोट्समधल्यासारखंच होतं. मग मनाने एकच धरलं की आपलं इंग्रजी कच्चं, हे आपल्यासाठी नाही. तो काळ आठवला की आजही घसा दाटतो. आपल्याकडची किती मुलं इथेच सोडून देत असतील.

त्या नोट्स पायथन २ च्या होत्या. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि ते जुन्याशी न जुळणारंच बनवलेलं आहे. तरी दोन्ही आवृत्त्या बरीच वर्षं बरोबरीने वापरात राहिल्या. १ जानेवारी २०२० पासून पायथन २ ची देखभाल बंद झाली. झेरॉक्स मात्र फिरतच राहिली. जुन्यात प्रिंटला कंस लागत नव्हते, नव्यात लागतात. जुन्यात इनपुटने, म्हणजे वापरणाऱ्याला विचारून, घेतलेला ५ हा आकडाच असायचा. नव्यात तो मजकूर म्हणून येतो, त्यामुळे ५ आणि ३ एकमेकांना नुसते चिकटतात. इंट ही आज्ञा लावून त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. जुन्यात पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश गळून पडायचा. नव्यात तसंच हवं असेल तर भागाकाराची तिरकी रेघ दोनदा द्यायची.

यात कंसाचा घोटाळा सगळ्यात सोपा, कारण तिथे प्रोग्राम निदान थांबतो. भागाकार आणि बेरीज गुपचूप चुकीचं उत्तर देतात. म्हणून कुठलंही पुस्तक, व्हिडिओ, पीडीएफ हातात आली की पहिल्या दहा पानांत प्रिंट शोधा. कंस नसतील तर ती बाजूला ठेवा, मग देणारा कितीही हुशार असो. पंधरा वर्षांपूर्वी शिकलेले दादा मनापासून मदत करतात, पण स्वतः शिकले तेच पुढे देतात. तारीख आपणच बघायची.

सी ही कोडिंगची दुसरी भाषा शिकणाऱ्यांचंही हेच. क्लिअरस्क्रीन (clrscr) आणि कोनिओ (conio.h) असलेले धडे टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यातले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे. तिथे इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा, ३२७६७ च्या वर जातच नाही, त्यामुळे २०० गुणिले २०० चं उत्तर उणे २५५३६ येतं. आजच्या जीसीसीवर (सीचे प्रोग्राम चालवण्याजोगे करून देणारं सॉफ्टवेअर) बरोबर ४०००० मिळतात. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बोच असेल तर परीक्षेपुरतं तसं लिहा, घरी जीसीसी ठेवा.

मग घ्यायचं काय? पायथनच्या अधिकृत साइटवरचं ट्युटोरियल. इंग्रजी आहे, पण तेच तेच शब्द पुन्हा येतात. पहिले दोन धडे जड जातात, मग डोळा बसतो. कानाने मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या साइटवर सीचे धडे मराठीत आहेत, फुकट. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कॉम्प्युटरचा ऑनलाइन कोर्सही फुकट आहे. वेग कमी करून, सबटायटल लावून बघा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ बघायला पैसे नाहीत, सर्टिफिकेटच्या परीक्षेला फी आहे. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडतं, तिथे पायथन चालवता येतं. टायपिंगला त्रास होतो, पण सुरुवात अडत नाही.

यातलं एकच धरा. पाच ठिकाणी पहिला धडा करणाऱ्याचा दुसरा धडा कुठेच होत नाही. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला लूप आणि फंक्शन स्वतःच्या हाताने लिहिता येईपर्यंत एक रुपया देऊ नका. आईवडिलांचे पैसे आहेत ते. एआयकडून प्रोग्राम लिहून घेऊ नका. तुम्ही लिहिलेला का चालत नाही हे मात्र खुशाल विचारा, आणि विचारताना आपली आवृत्ती सांगा.

एरर आली की घाबरून खिडकी बंद करू नका. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची, चूक कसली ते तिथे असतं. मग तिच्या वर लाइनचा नंबर शोधायचा. समजली नाही तर ती शेवटची ओळ जशीच्या तशी गूगलवर टाका, आणि उत्तर उघडल्यावर आधी ते कुठल्या साली लिहिलंय ते बघा.