रब्बीतली झुकिनी : लागण टप्प्याटप्प्याने, तोडणी दिवसाआड

परतीचा पाऊस थांबून वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर-भुसभुशीत झाली, की झुकिनी या काकडीसारख्या दिसणाऱ्या फळभाजीची लागण करायला हरकत नाही. दसऱ्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंतचा काळ या पिकाला मानवतो. फार उशीर केला तर फळं मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतात. उष्णता वाढली की नर फुलं वाढतात, मादी फुलं घटतात. मावा आणि पांढरी माशी विषाणू पसरवतात ते वेगळंच. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या पट्ट्यात ऐन डिसेंबरात बी टोकू नका, गार मातीत उगवण रखडते.

झुकिनी भोपळ्याच्या कुळातली, पण वेल सोडत नाही, झुडपासारखी जागेवर पसरते. त्यामुळे मांडव, तार, बांबू यांचा खर्च नाही. गादीवाफा, ठिबक आणि चंदेरी मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) केलं की निम्मं काम झालं. दोन ओळींत 5 फूट, दोन रोपांत 2 फूट ठेवा. एकरी चार हजारांच्या वर रोपं बसतात, पण सगळा एकर एकदम लावू नका. हे पीक 40 ते 50 दिवसांत तोडणीला येतं आणि पुढे महिना-दीड महिना माल देत राहतं. गावच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. माल जातो तो पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत आणि मॉलमध्ये. आधी व्यापाऱ्याशी बोला, मग पंधरा दिवसांच्या अंतराने 10-10 गुंठे लावा.

खरी गोम फुलांत आहे. नर फूल बारीक, लांब देठावर येतं. मादी फुलामागे बोटाएवढी झुकिनी आधीच दिसते. दोन्ही पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशी फिरली नाही, तर ते कोवळं फळ टोकाकडून पिवळं पडून सडतं. पुष्कळ जण हा रोग समजून बुरशीनाशक मारतात. पैसे जातात, आणि सकाळी फवारलं असेल तर मधमाश्याही जातात. कसलीही फवारणी करायची ती संध्याकाळी. परसबागेत एक-दोनच झाडं असली तर नर-मादी फुलं एका दिवशी उमलतीलच असं नाही. तीन-चार झाडं लावा. मधमाश्या दिसत नसतील तर सकाळी नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि आतला पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा.

आणखी एक फसगत पानांवर होते. बऱ्याच जातींच्या पानांवर शिरांच्या कडेने चंदेरी-पांढरे ठिपके जन्मजात असतात. बोटाने चोळून बघा: पीठ बोटाला लागलं तर भुरी हा बुरशीचा रोग, काहीच लागलं नाही तर तो पानाचा रंग. भुरी असली तरी भर उन्हात गंधक मारू नका, या कुळातल्या पिकांची पानं त्याने करपतात. फळमाशीसाठी क्यू ल्युअरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचे) सापळे फुलं दिसताच लावा आणि डंख झालेली फळं बांधावर न फेकता खोल पुरा.

फळ 15 ते 20 सेंटिमीटरचं झालं, नख सहज रुतलं, की तोडायचं. एक दिवस टाळला तरी चालतं, तीन दिवस टाळले तर दुधीएवढं होतं. त्याला भाव तर नाहीच, वर ते झाडावर राहिलं की नवी फळं धरणं मंदावतं. तेव्हा जून फळ विकायचं नसलं तरी उतरवाच. पिळून ओढू नका, धारदार चाकूने थोडा देठ ठेवून कापा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पानांची लव चांगलीच टोचते. साल फार नाजूक. क्रेटमध्ये तळाला कागद घालून एकावर एक दोन-तीनच थर द्या.

घरच्या मालाला सोलायची गरज नाही. पाण्याचा अंश फार असल्याने झाकण ठेवून शिजवली की तिचा लगदा होतो. मोठ्या आचेवर, लसूण आणि सुकी मिरची घालून फोडणीत परतायची आणि मीठ शेवटी. दाण्याचं कूट घालून कच्ची कोशिंबीरही चांगली होते. जून निघालेली फळं चिरून बिया काढा, किसून घट्ट पिळा आणि भाजणीत मळून थालीपीठ लावा. पिळलेलं पाणी पीठ मळायला वापरा. जास्तीच्या नर फुलांची भजी करतात, फक्त आतला परागाचा दांडा काढून मुंग्या झटकायच्या. काही नर फुलं झाडावर ठेवायला मात्र विसरू नका.

शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि ते फळ टाकून द्या. कडू दुधीच्या रसात असतात तशीच विषारी द्रव्यं त्यात असतात, ती शिजवून जात नाहीत. संकरित झाडाचं किंवा शोभेच्या भोपळ्याजवळ वाढलेल्या झाडाचं बी घरी धरलं की असं कडू फळ निघण्याची शक्यता असते, म्हणून बी दरवर्षी विकतचंच घ्या.